काय टांगलं, काय सोडलं: माटोळीची समीक्षा



आज ज्या कलाकृतीबद्दल बोलायचं आहे तिच्यावर कुणाची सही नसते, ती कुठल्या दालनात लागत नाही आणि घरचा गणपती जितके दिवस, तितकंच तिचं आयुष्य. मी माटोळीबद्दल बोलतोय. सभागृहात गोव्याची मंडळी असतील त्यांना सांगायला नको, पण घाटावरच्या श्रोत्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. गणपतीच्या मूर्तीच्या बरोबर वर, छतापासून खाली आडवी टांगलेली एक लाकडी चौकट असते. तिला आडव्याउभ्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांना भाद्रपदात परसवात, कुळागरात, शेताच्या बांधावर आणि रानात जे काही फळलं-फुललं असेल ते बांधून खाली लोंबतं सोडतात. ही माटोळी. सिंधुदुर्गात हिलाच माटवी म्हणतात. म्हणजे विषय फक्त गोव्याचा नाही, तेरेखोलची खाडी ओलांडून तो अलीकडेही आलेला आहे.

आता पहिला आक्षेप. फुलंपानं गोळा करून लावणं, याची कसली समीक्षा? हा आक्षेप आपल्याकडचाच आहे असं समजू नका. 2004 साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंच्या पुष्परचनांवर प्रदर्शन भरवलं. स्प्राय 1886 ते 1960 या काळातल्या. कुंपणावरच्या रानवेली, कोबीवर्गातल्या भाज्यांची पानं, बियांचे वाळलेले तुरे असं सगळं त्यांनी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवलं. तर त्या प्रदर्शनाच्या सुमारास संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष जेम्स डायसन यांनी राजीनामा दिला. हो, तेच, व्हॅक्यूम क्लीनरवाले. (हशा) त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की संस्था आपल्या मूळ कामापासून दूर चालली आहे. डिझाइन म्हणजे एखादी अडचण सोडवणं आणि वस्तू नीट चालवणं. फुलं लावणं ही नुसती सजावट.

मला हा वाद उपयोगी वाटतो, कारण माटोळीला डायसनसाहेबांचीच फूटपट्टी लावून पाहता येते. माटोळी ही एक अडचण सोडवते का? सोडवते, आणि चांगलीच अवघड. असोला नारळांची पेंड आणि केसराच्या एका तुऱ्याइतकी हलकी वस्तू एकाच चौकटीवर लटकवायची आहे. चौकट कलली नाही पाहिजे. खाली मूर्ती आहे, समया पेटलेल्या आहेत, माणसं आरतीला उभी आहेत. त्यामुळे सुटून काही पडता कामा नये. जिन्नस ओले आहेत, दिवसागणिक वाळणार आहेत, म्हणजे त्यांचं वजन बदलणार आहे. आणि बांधायचं कशानं, तर जुन्या पद्धतीत केवणीच्या सालीच्या दोरानं. केवण म्हणजे आपली मुरुडशेंग. तिची साल ओली असताना वळते, वाळली की गाठ घट्ट धरते. ही सजावट आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण ती वजनाचं गणित जाणणारी सजावट आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरातून येतो. हे देवाचं आहे, याला चांगलंवाईट काय म्हणायचं? जपानकडे बघा. इकेबानाची सर्वांत जुनी परंपरा, इकेनोबो, ही क्योतोच्या रोक्काकुदो या बौद्ध मंदिरातली. बुद्धापुढे फुलं वाहण्यातूनच ती निघाली. तरीही 15व्या शतकापासून तिथे कुणी फुलं कशी लावली याची नोंद झाली, शैलींना नावं मिळाली, पंथ झाले, एका पंथाने दुसऱ्यावर टीका केली. त्याने देवाचा अपमान झाला नाही. उलट फांदीचा कल, मोकळी जागा, लांबी-आखूडपणा यांबद्दल बोलायला भाषा तयार झाली. आपण माटोळीबद्दल 'छान झाली हां यंदा' याच्या पुढे जात नाही, कारण पुढचे शब्दच आपण घडवलेले नाहीत.

तर शब्द घडवायचा प्रयत्न करू. माटोळी कशी वाचायची?

पहिली गोष्ट, माटोळीला दर्शनी बाजू नाही. फुलदाणीला असते, इकेबानाला असते, मखराला तर असतेच. माटोळी खालून, मान वर करून पाहायची. त्यामुळे तिचं सौंदर्य फळांच्या बुडाशी आणि देठाच्या लांबीत आहे. पपनसाचा गोल, पडवळाची वाकडी रेघ, कुड्याच्या जोडीने लोंबणाऱ्या बारीक लांब शेंगा, माट्टीची पंख असलेली फळं. ही माट्टी म्हणजे गोव्याचा राज्यवृक्ष बरं का. खालून पाहताना हे सगळे आकार एकमेकांवर येतात आणि तुम्ही पाऊलभर सरकलात की बदलतात. जाणता बांधणारा म्हणून जाड वस्तू कडेला घेतो, नारळाच्या पेंडी आणि सुपारीचे घोस टोकांना आणि मुख्य लाकडाला देतो, आणि मधली जागा बारीक रेषांसाठी राखतो. तोलाला जे लागतं तेच नजरेलाही चांगलं दिसतं.

दुसरी गोष्ट, रंग. भाद्रपदातलं रान हिरवं असतं, आणि हिरव्यात हिरवं टांगलं तर काही दिसत नाही. म्हणून माटोळीत रंगाचे मोजके ठिपके फार महत्त्वाचे. कवंडळाचं लालबुंद फळ, बाहेरून देखणं नि आत कडूजहर. कांगणीचे पिवळसर घोस. कळलावीचं फूल, पाकळ्या मागे वळलेल्या, खाली पिवळी नि वर ज्वाळेसारखी लाल. शेरवडाचं पांढरं पान, जे खरं तर पान नाहीच, फुलाचंच एक निदल मोठं होऊन पांढरं पडलेलं असतं. चांगल्या माटोळीत हे चार-सहा ठिपके असे पेरलेले असतात, की नजर एका ठिकाणी अडकत नाही, फिरत राहते. वाईट माटोळीत सगळा लाल एका कोपऱ्यात जमतो.

तिसरी गोष्ट, काळ. माटोळी पहिल्या दिवशी पूर्ण होते असं आपण समजतो. खरं तर ती तिथून सुरू होते. कळलावी आधी मान टाकते. आंब्याची पानं कडक होतात. चिबूड पिकत जातं आणि पाचव्या दिवशी डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. नारळ-सुपारी शेवटपर्यंत तशीच. म्हणजे ही रचना दिवसादिवसाने स्वतःला वजा करत जाते. अकरा दिवसांच्या घरातली माटोळी आणि दीड दिवसाची, या दोन वेगळ्या रचना आहेत. अकरा दिवसांच्या घराला टिकणाऱ्या फळांवर भर द्यावा लागतो, दीड दिवसाचं घर फुलांची चैन करू शकतं.

पण इतकं सगळं झालं तरी माझा मुख्य मुद्दा अजून आलेला नाही. माटोळीची मांडणी चौकटीवर होतच नाही, ती आधी पायांखाली होते. गोळा करताना. हे समजलं नाही तर समीक्षा अर्धवट.

तुलनेसाठी आपली पत्री घ्या. गणपतीच्या पूजेत एकवीस पत्री. मालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती. ही यादी सुंदर आहे. पण यादी आहे. तीत देवदार आहे, आणि देवदार हा हिमालयातला वृक्ष. कोकणातल्या किंवा देशावरच्या घराने तो आणायचा कुठून? म्हणजे यादी एका जागेची नाही, ती पोथीची आहे आणि पोथी सगळ्या मुलखांसाठी एकच. मग शहरातल्या बाजारात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पत्रीची जुडी मिळते, तिच्यात एकवीस प्रकार आहेत का हे कुणी मोजत नाही आणि कुठलं पान कुठलं हे बऱ्याचदा विकणारा आणि घेणारा दोघांनाही सांगता येत नाही.

माटोळीला अशी यादी नाही. नारळ, सुपारी, आंब्याची पानं हा ठरलेला गाभा. बाकी जे तुमच्या भोवती असेल ते. त्यामुळे सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराकडच्या तालुक्यांतली माटोळी रानाची निघते. किनाऱ्याकडच्या गावात परसवातलं जास्त: काकडी, दोडका, भेंडी, निरफणस, आंबाडे, केळीचा घड. कुळागर असलेल्या घराची सुपारी वेगळी दिसते. माटोळी पाहून जाणकाराला गाव ओळखता येऊ शकतं. माझ्या दृष्टीने हीच या कलाप्रकाराची सगळ्यांत मोठी ताकद. ती त्या जागेचा, त्या पंधरवड्याचा हिशेब वर टांगून ठेवते. पाऊस उशिरा झाला असेल तर माटोळीत दिसतो. डोंगर कापला असेल तर तोही दिसतो, कारण तिथून येणारी फळं यंदा नसतात.

आता थोडं अवघड बोलतो. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. स्पर्धेचं श्रेय आधी मान्य करू. जी गोष्ट 'जुनं झालं, कोण बांधत बसणार' म्हणून बाजूला पडत होती तिला तिने प्रतिष्ठा दिली. तरुण पोरं आजोबांना विचारायला लागली की हे कुठलं फळ, हे औषधाला कशाला लागतं. जिन्नसांना चिठ्ठ्या लावून नावं लिहिण्याची पद्धत आली, शाळेतली मुलं ती वाचतात. हे लहान काम नाही.

पण स्पर्धेच्या वातावरणात दोन सवयी लागल्या आहेत, आणि समीक्षकाने त्यांच्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही.

पहिली सवय आकड्याची. माटोळीची बातमी झाली की आकडा पुढे येतो: इतक्या शे जिन्नसांची माटोळी. आता आकड्याचं गणित नीट पाहा. स्पर्धेत प्रत्येक जिन्नस म्हणजे अधिक एक. नारळ अधिक एक, आंब्याची पानं अधिक एक. पण ही तर सगळ्यांकडे असतात. मग पहिला आणि दुसरा यांच्यातला फरक कशाने ठरणार? जे दुसऱ्याला सापडलं नाही त्याने. म्हणजे जे दुर्मीळ त्याने. आकडा मोजायला लागलो की रानात गेलेला माणूस नेमका त्याच झाडाकडे ओढला जातो ज्याला हात न लावणं शहाणपणाचं होतं. कुणाचा हेतू वाईट नाही, पण निकषच माणसाला त्या दिशेला ढकलतो.

कळलावीचंच घ्या. तिचा जीव कंदात. वरचं फूल देठासकट खुडलं तर पुढच्या पावसाळ्यात वेल पुन्हा वर येते. घाईत वेल उपटली आणि कंद हाताबरोबर आला, तर त्या जागेवरची कळलावी संपली. शिवाय तो कंद विषारी, घरात आणायचा नाही. दोन्ही माटोळ्यांत फूल सारखंच दिसणार. चौकटीखाली उभं राहून फरक कळणार नाही. म्हणूनच म्हणतो की फक्त चौकट पाहणारी समीक्षा अपुरी.

दुसरी सवय चित्र काढण्याची. फळं, बिया, शेंगा एकमेकांना चिकटवून वा गुंफून त्यांतून देवाची आकृती, वाद्यं, मंदिरं करायची. कसब नाकारत नाही, मेहनत तर दिसतेच. पण त्यात कवंडळाचं काय झालं? ते लाल ठिपका झालं. तिथे लाल मणी लावला असता तरी चित्र बिघडलं नसतं. ज्या क्षणी एखाद्या फळाच्या जागी दुसरं काहीही चालतं, त्या क्षणी ते फळ माटोळीतून गेलं असं समजा. मग प्लास्टिकची काकडी आणि प्लास्टिकचं पपनस टांगणाऱ्यावर आपण कुठल्या तोंडाने टीका करणार? तोही तेच म्हणतोय की दिसण्याशी मतलब. माटोळीत घागरीच्या शेंगेला घागरीची शेंग म्हणूनच जागा आहे. ती हिरवी असताना बांधली जाते आणि वाळल्यावर आत बी खुळखुळतं, म्हणून तर तिला घागरी म्हणतात. हे मण्याला जमणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग काय, इकेबानासारखं तीन काड्यांवर यायचं? नाही. इथे मी जपानचा हात सोडतो. इकेबानाची शिस्त कमी करण्याची आहे आणि ती तिच्या जागी योग्य. माटोळी भरगच्चच हवी. ती भाद्रपदाची समृद्धी सांगते, तिला कंजूषपणा शोभत नाही. फक्त भरगच्चपणा आणि संख्या यांत गल्लत नको. वीस प्रकारांचे भरघोस घोस हे भरगच्च. तीनशे प्रकारांचा एकेक नमुना, चिठ्ठीसकट, हे वनस्पतिसंग्रहालय. संग्रहालयालाही किंमत आहे, पण त्याचं परीक्षण वेगळं करा.

बाजाराबद्दलही बोलायला हवं, कारण आदर्शवादी बोलून सुटका करून घेणं सोपं आहे. चतुर्थीच्या आधी म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, साखळी इथे माटोळीचा बाजार भरतो. सदनिकेत राहणाऱ्याला परसू नाही, कुळागर नाही. त्याने माटोळी बांधायचीच नाही का? आणि विकायला बसलेली गावाकडची माणसं, ज्यांत गावडा, वेळीप समाजातले पुष्कळ, ती सणाच्या तोंडावर चार पैसे मिळवतात. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे त्याचा हा मोबदला आहे, आणि तोही कमीच. तेव्हा बाजाराला नावं ठेवून भागणार नाही. मला इतकंच दिसतं, की बाजारात घेणाऱ्याने प्रश्न विचारणं थांबवलं की पत्रीच्या जुडीचं जे झालं तेच माटोळीचं होईल. 'हे काय? कुठून आणलंत? अजून आहे का तिथे?' हे तीन प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक असेल, तर विकणाऱ्या मावशींच्या डोक्यातलं रान शिल्लक राहतं. नाहीतर काही वर्षांत घोस उरतील, नावं जातील.

मग निकष कुठले? नुसती तक्रार करून व्याख्यान संपवणं मला आवडत नाही, म्हणून चार प्रश्न सुचवतो. परीक्षकांनी वापरावेत, तुम्ही-आम्हीही वापरावेत.

एक, ही माटोळी याच पंधरवड्याची आहे का? शीतगृहातलं सफरचंद बारमाही असतं, त्याला इथे गुण नाहीत.

दोन, हिच्यावरून गाव ओळखू येतं का? सगळ्या माटोळ्या एकाच बाजारातून आल्यासारख्या दिसत असतील तर कलाप्रकार थकला असं समजावं.

तीन, ती टांगलेली आहे का? म्हणजे वजन, लोंबणं, खालून दिसणं यांचा विचार झालाय का, की जमिनीवर केलेलं चित्र उचलून वर बसवलंय? पाचव्या दिवशी ती कशी दिसेल हेही यातच आलं.

चार, आणि हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: जिथून आणलं तिथे काय ठेवलं? परीक्षकांनी चौकटीखाली दहा मिनिटं उभं राहावं आणि आणखी दहा मिनिटं घरच्यांबरोबर परसवात, बांधावर जाऊन यावं. वेल अजून आहे का, घोस अर्धा खुडलाय की मुळासकट फांदी तोडलीय, आणि घरातल्या किती जणांना ते झाड दाखवता येतं. आणणाऱ्या एकट्यालाच, की नातवालाही?

कुणी म्हणेल, हे सौंदर्याचे निकष कुठे, हे तर पर्यावरणाचे झाले. मला तसं वाटत नाही. गायकाच्या गाण्यात आपण त्याने घेतलेले सूर ऐकतो तसे त्याने वर्ज्य केलेलेही ऐकतो. रागाची ओळख दोन्हींतून होते. माटोळीत न तोडलेलं झाड हा वर्ज्य स्वर. तो दिसत नाही, पण तो पाळला नाही तर बाकीचं सगळं बेसूर होतं, आणि पुढच्या वर्षी तर गायलाच काही उरत नाही.

शेवटी तेरड्याकडे येतो. कोकणात तेरड्याची गौर आणतात, सिंधुदुर्गातल्या माटवीलाही तेरडा बांधतात. आणि आपल्याकडे म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. जे टिकत नाही त्याला हिणवायला आपण ती वापरतो. पण तेरडा काही कंद राखून ठेवणारा नाही, तो दरवर्षी बीपासून नव्याने येतो. त्याची बोंडं पिकली की स्पर्श होताच फुटतात आणि बी लांब उडवतात. बोंड धरण्याआधीच बांधावरचा सगळा तेरडा उपटून नेला तर उडवायला बी उरत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस हे खरंच. पण पुढच्या भाद्रपदात पुन्हा तीन दिवस मिळतात, ते कुणीतरी जाताना चार रोपं बांधावर ठेवून गेलं म्हणून. माटोळीच्या समीक्षेने त्या चार रोपांची दखल घ्यायला सुरुवात करावी, एवढंच म्हणणं आहे.